अब्बांची फियाट आणि तीस हजारांचा आकडा

जून २०२४. अब्बांचा इंतकाल होऊन दीड वर्ष झाले होते. पहिल्याच वादळी पावसात कल्याणला आमच्या इमारतीच्या आवारातली गुलमोहराची फांदी मोडली आणि थेट अब्बांच्या फियाटवर पडली. बॉनेट चेपले, समोरची काच फुटली, एक दिवा गेला. सकाळी अम्मी खिडकीत उभी राहून बराच वेळ खाली बघत होती. बोलली काहीच नाही.

गाडी १९७४ ची प्रीमियर पद्मिनी. पण आमच्या घरात तिला पद्मिनी कोणी म्हटले नाही, ती कायम फियाटच. अब्बांनी ती १९८३ साली भिवंडीच्या एका सूत व्यापाऱ्याकडून घेतली. आमचे शाळेचे दाखले, आपाची रुखसती, अम्मीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, सगळे तिच्याच मागच्या सीटवरून झाले. याच प्रीमियर कंपनीचा एक कारखाना आपल्याकडे, डोंबिवलीजवळ कल्याण-शिळ रस्त्यावर होता. १९९० च्या दशकात तिथे प्यूजो गाडीही बनत होती. कारखाना गेला, पण प्रीमियर कॉलनीचे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे.

भाईजान म्हणाले, "काळजी नको, पॉलिसी चालू आहे." पॉलिसी खरेच चालू होती. दोन्ही वर्षी त्यांनी मोबाइलवरून पैसे भरले होते. पण सर्व्हेअर आला, त्याने आरसी बुक मागितले आणि विचारले, "मालक कुठे आहेत?"

आरसीवर अब्बांचे नाव. पॉलिसीवरही अब्बांचेच. क्लेम नामंजूर झाला.

आम्ही उर्दू-मराठी शिकवणारे, कागद वाचणे हा आमचा धंदा. तरी ती पॉलिसी आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. त्यात स्पष्ट लिहिले होते: विमाधारक वारला तर पॉलिसी मृत्यूपासून तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातले जे आधी येईल तोवरच चालते. तेवढ्यात वारसांनी ती आपल्या नावावर करून घ्यायची. आरटीओचा नियमही तसाच आहे. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी ज्याच्या ताब्यात येते त्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलून घ्यायचे. आम्ही चाळिसावा केला, कबरीवर झाड लावले, पण हे एक काम कोणाला सुचले नाही.

सर्व्हेअर भला माणूस होता. जाता जाता म्हणाला, "सर, नाव बदललेले असते तरी तुम्हाला फार काही मिळाले नसते. आयडीव्ही बघा." आयडीव्ही म्हणजे गाडीची विम्यात धरलेली किंमत. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण मोडली तर जास्तीत जास्त तेवढेच पैसे मिळतात. आमच्या पॉलिसीत तो आकडा होता ३० हजार. एजंटने वर्षानुवर्षे तोच चालू ठेवला होता, कारण आकडा लहान तर हप्ता लहान. दुरुस्तीचा अंदाज होता ५२ हजार. जुन्या गाडीच्या भागांवर कंपनी घसारा कापते: दहा वर्षांवरच्या गाडीच्या पत्र्याच्या भागांवर ५० टक्के, रबर, प्लास्टिक आणि बॅटरीवर ५० टक्के, फायबरवर ३० टक्के. काचेवर काही कापत नाहीत. हे सगळे कापूनही खर्च ३० हजारांच्या आसपास जात होता. आणि दुरुस्ती आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे आमच्या बाबतीत २२,५०० च्या वर गेली की गाडी 'टोटल लॉस' धरतात. थोडक्यात, एका फांदीने अब्बांची फियाट कागदावर भंगारात काढली असती.

त्याच आठवड्यात आपा ठाण्याहून, राबोडीहून आली. अम्मीने विषय काढला, "गाडीचे काय ते एकदा ठरवून टाका." गाडी भाईजानना हवी होती. ते म्हणाले, बाकीच्यांचा हिस्सा देतो, आणि पॉलिसी पुढे ठेवली. "ही बघा, कागदावर किंमत ३० हजार."

आपा सगळ्यांत थोरली. ती पॉलिसी तिने नीट वाचली, घडी केली आणि शांतपणे म्हणाली, "बरं, मग ३० हजारांत ही मला दे."

घरात कोणी काही बोलले नाही. भाईजानांची नियत वाईट नव्हती हे आम्ही आजही सांगतो. हप्ता वाचवायला लिहिलेला आकडा इतकी वर्षे डोळ्यांसमोर होता की तोच खरा वाटू लागला होता. पण विमा कंपनीला सांगायची एक किंमत, गिऱ्हाइकाला सांगायची दुसरी आणि बहिणीला सांगायची तिसरी, असे करता येत नाही. तरक्यातली वस्तू वाटणी होईपर्यंत सगळ्या वारसांची अमानत असते.

मग ठाण्याच्या एका परवानाधारक सर्व्हेअरकडून गाडीचे मूल्यांकन करून घेतले. इंजिन मूळचे, चॅसिस मूळचा, गंज थोडा. किंमत आली २ लाख ४० हजार. कर्ज-वसियत काही उरलेले नव्हते. त्यामुळे अम्मीचा आठवा हिस्सा झाला ३० हजार. म्हणजे पॉलिसीत आख्ख्या गाडीची जी किंमत होती, तेवढा एकट्या अम्मीचा हक निघाला. उरलेल्या २ लाख १० हजारांत आम्हा दोघा भावांचे प्रत्येकी ८४ हजार आणि आपाचे ४२ हजार. भाईजानांनी सहा महिन्यांत सगळ्यांचे फेडले. बाकीच्या वारसांनी लेखी संमती दिली आणि कल्याण आरटीओत गाडी त्यांच्या नावावर झाली.

त्यानंतर विमा. या कामात जे शिकलो ते सांगतो, कारण आपल्या अनेक घरांत अब्बांची लॅम्ब्रेटा, मामूंची जीप किंवा अशीच एखादी फियाट झाकून ठेवलेली असते.

विम्याचे दोन भाग वेगळे समजून घ्या. पहिला थर्ड पार्टी. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे तो सक्तीचा आहे. गाडी वर्षातून एकदा, ईदच्या दिवशीच रस्त्यावर येत असली तरी. नसेल तर पहिल्या वेळी २ हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंडाची गोष्ट सोडा. हा भाग आपल्यासाठी नसतोच, आपल्या गाडीखाली येणाऱ्या माणसासाठी असतो. ५० वर्षांच्या गाडीचे ब्रेक ५० वर्षांचेच असतात. उद्या कोणाच्या घरचा कमावता माणूस आपल्या हातून जखमी झाला तर त्याची भरपाई हा त्याचा हक आहे. १ जून २०२२ पासूनच्या दरांनुसार आमच्या १०८९ सीसीच्या गाडीला हा हप्ता वर्षाला ३,४१६ रुपये, वर जीएसटी.

दुसरा भाग आपल्या गाडीच्या नुकसानीचा, तो ऐच्छिक. विमा जायज आहे का, हा प्रश्न अनेक वाचक विचारतात. त्यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि फतवा देणे आमचे काम नाही. ज्या आलिमांवर तुमचा भरवसा आहे त्यांना विचारा. फक्त विचारताना सक्तीचा आणि ऐच्छिक, हे दोन्ही भाग वेगळे करून विचारा.

ऐच्छिक भाग घ्यायचे ठरले तर सगळी मेहनत आयडीव्हीवर करा. गाडी पाच वर्षांपर्यंतची असेल तर किंमत तक्त्याप्रमाणे ठरते. त्याहून जुनी किंवा उत्पादन बंद झालेली असेल तर ती कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची असते. म्हणजे बोलणी करायची. मोबाइलवर ती होत नाहीत, ऑफिसात जावे लागते. मूल्यांकनाचा अहवाल, चारही बाजूंचे फोटो, इंजिन आणि चॅसिस नंबरचे फोटो, गॅरेजची बिले बरोबर ठेवा. आम्हाला तीन ठिकाणी "एवढ्या जुन्या गाडीला फक्त थर्ड पार्टी" असे उत्तर मिळाले. चौथ्या ठिकाणी एका बाईंनी अहवाल नीट वाचला, गाडी तपासायला माणूस पाठवला आणि २ लाख ४० हजार मान्य केले. हप्ता वाढला, पण आता तो खऱ्या किमतीचा आहे.

'विंटेज' या शब्दाने गोंधळू नका. त्याचे दोन अर्थ आहेत. २००२ च्या मोटार टॅरिफमध्ये विंटेज म्हणजे ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली गाडी. आधी ठरलेली पूर्ण रक्कम घसारा न कापता देणारी पॉलिसी टॅरिफने फक्त अशा गाड्यांना ठेवली होती. आरटीओचा विंटेज वेगळा. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, मूळ रूपात जपलेली खासगी दुचाकी किंवा कार तशी नोंदवता येते. शुल्क २० हजार, मुदत दहा वर्षे, नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. तिला थर्ड पार्टीच्या हप्त्यात ५० टक्के सूट आहे. पण मग गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. रोजच्या वापराला मनाई. आमची फियाट २०२४ मध्ये पात्र ठरली होती. अम्मी म्हणाली, "मग मला दुर्गाडीपर्यंत कोण नेणार?" विषय तिथेच संपला. साधी नोंदणी ठेवली. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. ती तारीख भाईजानांनी कॅलेंडरवर लिहिली आहे, कारण नोंदणीची मुदत संपलेली असेल तर क्लेमच्या वेळी तेच पहिले विचारतात.

शेवटच्या दोन गोष्टी. निकाहच्या वरातीला जुनी गाडी सगळ्यांना हवी असते. प्रेमाने द्या, पण पैसे घेऊ नका. खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर चालत नाही, आणि भाड्याने दिलेली असताना काही झाले तर क्लेम जातो. दुसरे, आपल्या भागात पाणी साचते, २६ जुलै २००५ कोणी विसरलेले नाही. गाडी पाण्यात बुडाली तर चावी फिरवू नका, ढकलून किंवा टो करून गॅरेजला न्या. पाण्यात इंजिन चालू केल्याने झालेले नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही.

आपाने तिच्या ४२ हजारांचे काय केले ते सांगायचे राहिले. त्यातून तिने फियाटचे बॉनेट रंगवून दिले. भाईजान नको म्हणाले तेव्हा म्हणाली, "हिस्सा माझा हक होता, तो घेतला. हा रंग माझ्या खुशीचा."

आज संध्याकाळी घरातल्या जुन्या गाडीचे आरसी बुक आणि पॉलिसी शेजारी शेजारी ठेवून बघा. नाव कोणाचे आहे? ते हयात आहेत का? आणि त्यात लिहिलेली किंमत बहिणीसमोर मोठ्याने वाचता येईल का?