ओळखीचा वारसा मुलींना का नाही?

मुंबईच्या कापड गिरण्यांत नोकरी लागायची ती बहुधा ओळखीने. गावचा, भावकीतला कुणी मुकादमाकडे शब्द टाकायचा आणि कोकणातून आलेला पोरगा साचेखात्यात रुजू व्हायचा. ही ओळख बापाकडून मुलाकडे जाई, मुलीच्या वाट्याला येत नसे.

त्याचे पडसाद दादरच्या शाळांत उमटले. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या विद्यार्थ्यांच्या सुमारे २० वर्षांच्या नोंदी अभ्यासल्या. २००६ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष विचार करायला लावतात. उदारीकरणानंतर इंग्रजीला भाव आला, तरी कष्टकरी जातींतील मुलगे मराठी माध्यमातच अधिक राहिले. त्याच घरांतल्या मुली मात्र झपाट्याने इंग्रजीकडे वळल्या. मुलग्यांना जुन्या कामांच्या ओळखींनी धरून ठेवले होते. मुलींना असा आधार नव्हता, म्हणून बेडीही नव्हती.

पण इंग्रजी आली म्हणजे नोकरी मिळतेच असे नाही.

जागा निघाल्याची खबर आधी आतल्या माणसाच्या भाच्याला लागते. धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलीसाठी आत कोण आहे? म्हणूनच रिक्त जागा, पगार आणि निवडीचे निकष जाहीर करणे खासगी कंपन्यांनाही बंधनकारक व्हायला हवे.