पासवर्डही चार्ज यादीत हवा

‘ओटीपी जुन्या सरांच्या नंबरवर जातो.’ बीड जिल्ह्यात गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यासारख्या गावात शाळा, ग्रामपंचायत, बचत गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या संगणकासमोर कुणी बसले, की हे वाक्य कधी ना कधी कानावर येते. सरांची बदली झालेली असते, ऑपरेटरने काम सोडलेले असते, सचिव बदललेले असतात. संस्था मात्र तिथेच असते आणि तिचे कागद कुणालाच न उघडता येणाऱ्या क्लाउड खात्यात अडकलेले असतात. गावोगावच्या ई-कारभाराबद्दल या स्तंभात मी दर आठवड्याला लिहितो. आजचा विषय दिसायला किरकोळ आहे, पण त्यापायी संस्थांची वर्षानुवर्षांची माहिती नाहीशी होऊ शकते.

ही खाती आली कुठून? बरीचशी कोरोनाकाळातली आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने गुगलशी हातमिळवणी करून शाळांना ऑनलाइन वर्गाची साधने खुली केली. त्याच काळात अनेक संस्थांनी आपापली खाती काढली. घाई होती, इलाज नव्हता. ज्याच्या हातात बरा मोबाइल, त्याने आपला नंबर टाकून खाते उघडले. पुढे वर्ग भरू लागले आणि खाती पडून राहिली. आत मात्र निकालपत्रके, दाखल्यांचे स्कॅन, मुलांची आधार कार्डे, बिले, सभांचे इतिवृत्त असे सगळे राहिले.

पडून राहिलेले खाते कायम टिकत नाही. गुगलने २०२३ मध्ये जाहीर केले, की सलग दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते मेल, ड्राइव्ह, फोटोंसह काढून टाकले जाऊ शकते. त्या वर्षीच्या डिसेंबरपासून हा नियम अमलात आला. शाळा आणि संस्थांच्या खात्यांना तो लागू नाही. पण इथेच गफलत होते. शाळेच्या नावाने काढलेला साधा जीमेल पत्ता गुगलच्या लेखी वैयक्तिकच असतो. मायक्रोसॉफ्ट ३६५ ची बहुतेक सशुल्क वर्गणी संपली की ३० दिवस काम चालते, पुढचे ९० दिवस फक्त ॲडमिनला आत जाता येते आणि मग माहिती पुसली जाते. ॲमेझॉनच्या क्लाउडवरचे बंद केलेले खाते ९० दिवसांच्या आतच पुन्हा उघडता येते.

मोबाइल नंबरलाही अशीच मुदत आहे. न वापरलेला प्रीपेड नंबर ९० दिवसांनंतर बंद होऊ शकतो. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, असे दूरसंचार नियामक ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. म्हणजे त्यानंतर तो देता येतो आणि संस्थेचा ओटीपी भलत्याच माणसाच्या हातात पडू शकतो. बीड जिल्ह्याला याची झळ जास्त बसते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेले कुटुंब गुढीपाडव्याच्या आसपास परतते. बचत गटाचे खाते ज्या ताईंच्या नंबरवर आहे, त्यांचा रिचार्ज या काळात राहून गेला, तर गटाचा दरवाजाच बंद होतो.

बंद पडलेले खाते परत मिळते का? पुष्कळदा मिळते, पण आधी ते कोणत्या जातीचे आहे ते ओळखावे लागते. पत्ता शिक्षण विभागाच्या डोमेनवरचा (म्हणजे @ नंतर विभागाचे नाव असलेला) असेल, तर गुगलकडे धावण्याची गरज नाही. विभागाच्या ॲडमिनला नवा पासवर्ड देता येतो. मुख्याध्यापकांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत लेखी मागणी करावी.

संस्थेचे स्वतःचे डोमेन असेल, तर सगळे त्या डोमेनवर अवलंबून असते. ॲडमिनचा पासवर्ड हरवला तर गुगल एक सांकेतिक नोंद देते. ती डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या ऑनलाइन नोंदवहीत टाकली, की डोमेन तुमचेच आहे हे सिद्ध होते आणि खाते उघडते. म्हणून डोमेन कुठल्या कंपनीकडून घेतले, कुणाच्या नावावर आहे आणि मुदत कधी संपते, हे आधी शोधा. जुनी पावती यासाठी सोन्याच्या मोलाची. मुदत संपून ते डोमेन दुसऱ्याने घेतले, तर संस्थेच्या जुन्या पत्त्यांवर येणारे मेल त्याच्याकडे जाऊ शकतात आणि त्या पत्त्यांवर काढलेल्या इतर खात्यांचे पासवर्डही त्याला बदलता येतात.

साधे जीमेल खाते सगळ्यात अवघड. तिथे ठराव, शिक्का, लेटरहेड यांचा उपयोग होत नाही. ज्या संगणकावर आणि ज्या ठिकाणी ते पूर्वी उघडले जायचे, तिथूनच प्रयत्न करावा, आठवणारा शेवटचा पासवर्ड द्यावा आणि जुन्या सरांना फोन करून ओटीपी विचारावा. बदलून गेलेले शिक्षक हे काम बहुधा आनंदाने करतात, त्यांना कुणी विचारलेले नसते एवढेच.

एक धोका नीट सांगतो. अडलेला माणूस इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’चा नंबर शोधतो आणि ठगाच्या तावडीत सापडतो. मोफत जीमेल खाते उघडून देण्यासाठी गुगल फोनवर पैसे किंवा ओटीपी मागत नाही. फसवणूक झालीच, तर ताबडतोब १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर कळवा.

पण माझे खरे म्हणणे पुढे आहे. हा प्रश्न तंत्रज्ञानाचा कमी आणि पदभाराचा जास्त आहे. पदभार कसा द्यायचा-घ्यायचा, हे आपल्या कारभाराला चांगले ठाऊक आहे. शिक्षक बदलून गेले की चार्ज यादी होते, डेडस्टॉक रजिस्टरमधली खुर्ची न् खुर्ची मोजून दिली जाते. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) बदलले की दप्तर ताब्यात द्यावे लागते. बँकेत एकट्याच्या सहीवर संस्थेचा पैसा निघू नये म्हणून दोन सह्यांचा ठराव असतो. विश्वस्त बदलले तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. खुर्चीची नोंद आहे, पण हजारो मुलांची माहिती असलेल्या खात्याची नाही. ही त्रुटी मला गंभीर वाटते.

शासन मार्ग काढू शकते, याचा दाखलाही आहे. जीएसटी आल्यावर नोंदणी करून देणाऱ्या मध्यस्थांनी अनेक व्यापाऱ्यांच्या खात्यात स्वतःचाच मोबाइल नंबर आणि ईमेल टाकला होता. पुढे खऱ्या मालकाला आपल्याच खात्यात शिरता येईना. तक्रारी वाढल्यावर २०१८ मध्ये सरकारने सोय केली. कागदपत्रे घेऊन संबंधित कर अधिकाऱ्याकडे जावे, मालकी पटल्यावर तो नंबर आणि ईमेल बदलून देईल. खाते कुणाचे, हे ओटीपीवर न ठरवता कागदावर ठरवले गेले. शाळा आणि पंचायतींच्या खात्यांना हाच न्याय हवा.

म्हणून बीड जिल्हा परिषदेकडे माझी मागणी आहे. पुढच्या बदल्यांच्या फेरीआधी चार्ज यादीच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा : संस्थेची ऑनलाइन खाती, त्यांचे ॲडमिन, जोडलेला नंबर आणि डोमेनची मुदत. त्यावर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही असावी. याला निधी लागत नाही, फक्त एक परिपत्रक लागते.

आणि संस्थाचालकांनी परिपत्रकाची वाट पाहू नये. येत्या मासिक सभेत हा विषय घ्या आणि प्रोसिडिंगमध्ये ठराव लिहा. प्रत्येक खात्याला दोन ॲडमिन ठेवा. संस्थेच्या नावाने एक सिमकार्ड घ्या आणि त्याचा रिचार्ज खर्चात धरा. गुगल दहा बॅकअप कोड देते, ते छापून सीलबंद पाकिटात कपाटात ठेवा. महिन्यातून एकदा खाते उघडा. वापर नसेल, तर माहिती उतरवून घेऊन खाते रीतसर बंद करा. मुलांची आधार कार्डे बेवारस ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही.

माणसे बदलणारच. त्यांच्याबरोबर संस्थेची माहिती जाऊ द्यायची नसेल, तर आज संगणकासमोर बसून एवढे तपासा : तुमच्या संस्थेचा ओटीपी कुणाच्या नंबरवर जातो?