आग्रा रोडवरील ती माणसे

गेल्या सहामाहीत आम्ही वरच्या वर्गांस ‘टाळेबंदीचे दिवस’ हा निबंधाचा विषय दिला होता. वह्या तपासावयास घेतल्या, तो बहुतेकांत एकच मजकूर : शाळेस सुटी, आईच्या हातचे नवेनवे पदार्थ, रात्री पत्त्यांचा डाव. मुलांचा यात दोष नाही. ती तेव्हा लहान होती, व घरात जे ऐकले तेच त्यांनी लिहिले. परंतु वडीलधाऱ्यांनाही आता तेवढेच आठवत असेल, तर ते बरे नव्हे, असे आम्हांस स्पष्ट वाटते.

24 मार्च 2020 च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. पुढे थोड्याच दिवसांत मुंबई, ठाणे, भिवंडीकडील मजूर कसाऱ्याचा घाट चढून नाशकावरून उत्तरेकडे पायी जाऊ लागले. मे महिन्याच्या उन्हात आम्ही शेजाऱ्यांबरोबर आडगाव नाक्यापाशी पाण्याचे पिंप व केळी घेऊन उभे राहत असू. डोक्यावर गाठोडे, कडेवर मूल, चपलांस दोरी बांधलेली. एका बाईने एक केळे तिघा मुलांत वाटले, आणि साल कोठे टाकावी, असे आम्हांस विचारले. तो सभ्यपणा आजही विसरत नाही. कोठवर जावयाचे, असे पुसता कोणी जौनपूर सांगे, कोणी सतना. नकाशावर ते अंतर आम्ही वर्गात किती वेळा वीतभर बोटांनी दाखविले असेल!

1 मेच्या रात्री नाशिकरोडहून मजुरांची खास गाडी भोपाळकडे सुटली. महाराष्ट्रदिन तोच, कामगारदिनही तोच. तरी रस्ता ओस पडला नाही. 8 मे रोजी पहाटे करमाडजवळ, जालन्याहून भुसावळकडे चालत निघालेले 16 मजूर रुळांवर झोपले असता मालगाडीखाली सापडले. ‘रुळांवर झोपावे कशाला?’ असे तेव्हा पुष्कळांनी विचारले. रात्रभर चाललेल्या व प्रवासी गाड्या बंद असलेल्या माणसांविषयी हा प्रश्न आम्हांस निर्दयपणाचा वाटला. पुढील एप्रिलात याच शहरात प्राणवायूची गळती होऊन 20 हून अधिक रुग्ण दगावले; त्याविषयी लिहावयास हात अद्याप वळत नाही.

परंतु दुसऱ्यांस निर्दय म्हणताना आमचेही सांगितले पाहिजे. जूनमध्ये फोनवरून वर्ग सुरू झाले. आमच्या सातवीतील एक मुलगा, बाप गवंड्याच्या हाताखाली राबणारा, एकही दिवस दिसला नाही. सहा आठवडे आम्ही त्याच्या नावापुढे इमानेइतबारे गैरहजेरी मांडली. आळशी आहे, असेही एकदा बोलून गेलो. शेवटी वस्तीत चौकशी केली, तेव्हा एका आजीबाईंनी सांगितले की, ते कुटुंब मे महिन्यातच आग्रा रोडने चालत गेले. कदाचित आमच्या पुढूनच गेले असेल. आम्ही तोंडे पाहत नव्हतो, केळी मोजीत होतो.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, त्या दिवसांत आपल्या दारावरून कोण गेले, आपण दार उघडले की लावून घेतले, हे मुलांस जसे घडले तसे सांगावे. लाज वाटण्याजोगे असेल तेही सांगावे. मुलांनी ते लिहून आणावे. पुढील अंकात आम्ही त्यास जागा मागून घेऊ.

4 ऑक्टोबर 2021 रोजी आठवीचे वर्ग पुन्हा भरले. पटावरून कमी करण्यापूर्वी आम्ही ते नाव एकदा मोठ्याने पुकारले. “सर, तो गावी गेला,” मागच्या बाकावरून कोणी म्हणाले. गाव कोणते, ते त्यालाही ठाऊक नव्हते.