काट्यावरचा आकडा आणि देहाचे बळ

आतड्याच्या कर्करोगाने ग्रासलेल्या माणसाचे वजन उतरू लागले म्हणजे त्याच्या घरात काळजी शिरते हे तर स्वाभाविकच. परंतु तो माणूस पूर्वी स्थूल असला तर त्या काळजीच्या जोडीला, चरबी झडली ते एका परीने बरेच झाले, असे एक अस्फुट समाधानही शिरते. ग्वाल्हेरात मुरारच्या सदर बाजारापासून लष्करातील दौलतगंजापर्यंत विखुरलेल्या आमच्या मराठी घरांतून, आजाऱ्याला मुगाच्या पाण्यावर आणि साबुदाण्याच्या पेजेवर ठेवून त्याच्या हलक्या झालेल्या शरीराला रोग हटत चालल्याची खूण मानणारी वडीलधारी मंडळी मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्या मायेविषयी मला तिळमात्र शंका नाही. त्यांच्या समजुतीविषयी मात्र या सदरात सविस्तर लिहिणे मी अगत्याचे मानतो, कारण त्या समजुतीचा हिशेब अखेर रुग्णाच्या आयुष्यातून चुकता होतो.

ही समजूत मुळीच निराधार आहे असे कोणी म्हणू नये. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांनाही निंद्य ठरवून, त्यांतल्या त्यात कृशताच बरी, असा निवाडा दिलेला आहे. आणि फ्रान्समधील ल्यों येथे जागतिक आरोग्य संघटनेची जी कर्करोग-संशोधन संस्था आहे, तिनेही २०१६ साली उपलब्ध पुराव्याची छाननी करून, अतिरिक्त मेद टाळल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, असे निःसंदिग्धपणे नमूद केले. निरोगी माणसाने आपले पोट आवरावे, या उपदेशात म्हणून काडीचाही फरक पडत नाही. प्रश्न उपस्थित होतो तो रोगाचे निदान झाल्यानंतर. आणि तेथे मात्र काट्याची भाषा पालटते.

अमेरिकेतील उत्तर कॅलिफोर्नियात मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाच्या ३,४०८ रुग्णांचे, म्हणजे ज्यांचा रोग अद्याप दूरच्या अवयवांत पसरला नव्हता अशांचे, दफ्तर तपासून २०१६ साली जे निष्कर्ष जाहीर झाले, त्यांत सर्वांत कमी मृत्यू आढळले ते सडपातळ रुग्णांत नव्हेत, तर ज्यांचा देहभार-निर्देशांक २८ च्या आसपास होता अशा, तिकडच्या मापाने किंचित स्थूल गणल्या जाणाऱ्या रुग्णांत. हा निर्देशांक म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या; बेल्जियमच्या केतले या गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात ती समाजाच्या सरासरीचा अभ्यास करण्यासाठी योजिली होती, एकेका रुग्णाच्या प्रकृतीचा फैसला करण्यासाठी नव्हे. ज्या मेदाने रोगाला आमंत्रण दिले तोच मेद पुढे रुग्णाचे रक्षण करतो की काय, असा विस्मय या निष्कर्षाने वैद्यकात उत्पन्न केला, आणि काही उतावळ्या वाचकांनी त्यातून खुशाल खाण्याचा परवानाही काढून घेतला.

उलगडा दोन प्रकारांनी होतो. पहिला असा की निदानाच्या दिवशी जो माणूस कृश दिसतो, तो अनेकदा मूळचा कृश नसून रोगानेच त्याला महिनोन्‌महिने आतून कोरलेले असते. तेव्हा त्याची कृशता ही अल्पायुष्याचे कारण असण्याऐवजी बळावलेल्या रोगाची साक्षच असू शकते. दुसरा प्रकार मला अधिक महत्त्वाचा वाटतो. काटा चरबी आणि स्नायू यांत भेद करीत नाही. त्याच कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०१७ साली ३,२६२ रुग्णांची सीटी चित्रे घेऊन, कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर स्नायूंचे क्षेत्र मोजले, तेव्हा १०० पैकी ४२ रुग्णांचे स्नायू क्षीण झालेले आढळले, आणि अशा क्षीणस्नायू रुग्णांत मृत्यूची जोखीम २७ टक्क्यांनी अधिक भरली. त्यापूर्वी २०१३ साली कॅनडातील संशोधकांनी फुफ्फुसाच्या व पचनसंस्थेच्या कर्करोगाच्या १,४७३ रुग्णांविषयी लिहिताना दाखवून दिले होते की, ज्यांचे वजन घटले, स्नायू घटले आणि उरलेल्या स्नायूंचा कसही उतरला, त्यांचे मध्यगत आयुष्य ८.४ महिने भरले, तर यांपैकी एकही दोष ज्यांच्यात नव्हता त्यांचे २८.४ महिने, आणि हा फरक रुग्ण दिसायला लठ्ठ होता की बारीक, यावर अवलंबून नव्हता. स्नायू ही देहाची कणगी आहे: शस्त्रक्रियेची जखम भरून काढताना, तापाशी झगडताना, अन्न नकोसे झालेल्या आठवड्यांत, शरीर त्याच साठ्यातून धान्य काढीत असते. शिवाय औषधाची मात्रा सामान्यतः उंची व वजन पाहून मुक्रर केली जाते. एकाच वजनाच्या दोघांपैकी ज्याचे स्नायू कमी, त्याच्या वाट्याला त्याच मात्रेचा विषार अधिक येतो, मग मात्रा कमी करावी लागते, फेऱ्या लांबणीवर पडतात, आणि रोगाला तेवढी सवड मिळते.

येथे आपल्या लोकांपुरता एक स्वतंत्र विचार करणे प्राप्त आहे, आणि त्याची सामग्री सुदैवाने पुण्यातच सिद्ध झालेली आहे. तेथील के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे प्राध्यापक जॉन युडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही देहभार-निर्देशांक नेमका २२.३; परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या अर्भकांचीही मापे घेतली होती. सुमारे २.७ किलो वजनाची ती बालके इंग्लंडमधील ३.५ किलोच्या बालकांहून कितीतरी लहान असली, तरी त्यांच्यातली तूट मुख्यतः स्नायूंची होती, चरबी बरीचशी शाबूत होती. म्हणजे बाहेरून बारीक आणि आतून मेदयुक्त ही आपली जन्मजात ठेवण आहे. त्यामुळे कॅलिफोर्नियातला २८ चा आकडा उचलून मुरारच्या माणसाला लागू करणे सर्वस्वी गैर ठरेल. आपल्याकडे २३ च्या पुढेच सावध व्हावे अशी शिफारस आहे, आणि २५ ला स्थूलता सुरू झाली असे धरले जाते. मला सर्वांत चिंता वाटते ती याचीच की आपला रुग्ण ज्या कणगीवर जगायचा, ती कणगी मुळातच लहान असते, आणि नेमकी तीच आपण पथ्याच्या नावाखाली उपसत असतो.

हा रोग आपल्याकडे केवळ वृद्धांचाही नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २०१३-१४ या एका वर्षात आलेल्या अशा ८०० रुग्णांच्या आढाव्यात सरासरी वय ४७ च्या आसपास भरले. म्हणजे मुलांची शिक्षणे चालू असलेला, घराचा कमावता माणूस. आमच्या भागातला असा रुग्ण जयारोग्य इस्पितळात किंवा आमखोच्या कर्करोग रुग्णालयात जातो, किंवा पंजाब मेलने परळची वाट धरतो. आणि त्या धावपळीत तिकिटे, तपासण्या, पैशांची तजवीज या सर्वांची काळजी वाहिली जाते, परंतु गेल्या महिन्यात त्याचे किती किलो गेले याची नोंद बहुधा कोणाच्याच वहीत नसते.

वास्तविक मर्यादा ठरलेली आहे. सहा महिन्यांत, काही यत्न न करता, शरीराच्या ५ टक्क्यांहून अधिक वजन गेले, तर २०११ सालच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे तो कर्करोगातील देहक्षय गणला जातो. ६० किलोच्या माणसाला ही मर्यादा अवघ्या ३ किलोंची. अशा रुग्णाला दर किलो वजनामागे दररोज १ ते १.५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे युरोपातील पोषणतज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे. म्हणजे ६० ते ९० ग्रॅम. एका अंड्यात ती ६ ग्रॅमच्या आसपास असतात, पेलाभर दुधात जवळपास तेवढीच. मुगाच्या वरच्या पाण्यात आणि साबुदाण्यात मात्र ती नाममात्रच. आतड्यात अडथळा असेल, पोटावर मलमार्ग काढला असेल किंवा मूत्रपिंड दुबळे असेल, तर आहाराचा निर्णय डॉक्टरांचाच. परंतु ज्यांना अशी अडचण नाही त्यांना घट्ट वरण, दही, पनीर, आणि चालत असेल त्या घरी अंडी-मासे, यांपासून वंचित ठेवण्याचे काहीही कारण नाही.

आणि केवळ अन्नाने स्नायू टिकत नाहीत. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या, मुख्यत्वे कॅनडा व ऑस्ट्रेलियात झालेल्या एका चाचणीत, शस्त्रक्रिया व औषधोपचार पुरे झालेल्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षे शिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम दिला, आणि निम्म्यांना आरोग्याची पुस्तिका दिली. आठ वर्षांअखेर पहिल्या गटातील ९०.३ टक्के हयात होते, दुसऱ्यातील ८३.२ टक्के. हा लाभ एखाद्या महागड्या औषधाने दिला असता, तर त्याचा केवढा गाजावाजा झाला असता! आमचा रुग्ण मात्र बरा होऊन घरी आला की त्याला अंथरुणावरून हलू न देण्यातच आपली सारी सेवा खर्ची पडते.

इस्पितळांच्या चालकांना माझी विनंती आहे की, आतड्याच्या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाच्या पर्च्यावर पहिल्या भेटीचे वजन ठळक लिहावे आणि दर भेटीला त्याच्या खाली नवे वजन नोंदवावे. सीटी चित्र तर रोगाची व्याप्ती पाहण्यासाठी बहुधा काढलेलेच असते, त्यातूनच स्नायूंचाही अदमास कळवावा. आणि ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी दर आठवड्याला एकाच वारी, एकाच वेळी, त्याच काट्यावर त्याचे वजन करावे, तारखेसह लिहून ठेवावे, आणि ३ किलो उतरेपर्यंत वाट न पाहता, घट दिसू लागताच ती वही डॉक्टरांपुढे ठेवून पुढील आहाराविषयी स्पष्ट विचारावे.