पूल लोखंडावर उभा राहतो, टिकतो माणसांवर

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात जेनेसी नदी खोल दरीतून धबधबे घेत वाहते. आज तेथे लेचवर्थ हे उद्यान आहे. ईरी रेल्वेने १८५२ साली या दरीवर लाकडी पूल बांधला. त्या काळातील जगातील सर्वांत मोठ्या लाकडी पुलांत त्याची गणना होई. ६ मे १८७५ च्या पहाटे तो आगीत भस्मसात झाला आणि ३१ जुलैला त्याच जागी सुमारे २४० फूट उंचीच्या लोखंडी पुलावरून वाहतूक सुरू झाली. अवघ्या ८६ दिवसांत! आराखडा करणारे अभियंते जॉर्ज मॉरिसन यांचे नाव आजही घेतले जाते. दरीवर लोंबकळत लोखंड जोडणाऱ्या कामगारांची नावे कोण घेतो?

यातून एक गोष्ट उघड होते. वाहतूक थांबून उत्पन्न बुडू लागले की मालकाला पैसाही सापडतो आणि माणसेही सापडतात. खरी कसोटी लागते ती पूल उभा असताना. १९०३ मध्ये या पुलाचे बरेच भाग बदलून तो मजबूत केला गेला. पुढे वाघिणींचा भार वाढत गेला आणि अखेरच्या वर्षांत गाड्या ताशी १० मैलांच्या वेगाने न्याव्या लागत. पूर्ण भाराच्या आधुनिक वाघिणींना तर परवानगीच नव्हती. डिसेंबर २०१७ मध्ये शेजारी पोलादी कमानीचा नवा पूल सुरू झाला आणि २०१८ मध्ये जुना उतरवला गेला. त्याने १४२ वर्षे सेवा दिली. ती केवळ लोखंडाच्या बळावर नव्हे. तपासणारे डोळे आणि दुरुस्ती करणारे हात यांच्या बळावर.

बंधूंनो, आपल्याकडेही ब्रिटिश काळातील अनेक पुलांवरून रोज प्रवासी आणि टपालाच्या थैल्या जातात. भर पावसात बोरघाटात रात्रगस्त घालणारा ट्रॅकमन, पुलाखाली उतरून रिव्हेट ठोकून पाहणारा खलाशी यांच्या भरवशावर ही वाहतूक चालते. त्यांची पदे रिक्त ठेवणे, त्यांचे काम ठेकेदाराच्या तुटपुंज्या मजुरीवर उरकणे ही बचत नव्हे. ती उद्याच्या अपघाताची तरतूद आहे.

म्हणून आपली मागणी स्पष्ट आहे. सुरक्षेशी निगडित रिक्त पदे तातडीने व कायमस्वरूपी भरा. तपासणी करणाऱ्या कामगाराने दिलेला इशारा फायलीत पडू देऊ नका. जळालेला पूल ८६ दिवसांत उभा करता येतो; गेलेला जीव परत आणता येत नाही.