अनुभवाचा दाखला

मराठीत एम.ए. करून सेट उत्तीर्ण झालेला विद्यार्थी सहायक प्राध्यापकपदासाठी अर्ज भरू लागला की ‘अध्यापनाचा अनुभव’ हा रकाना त्याला अडवतो. अनुभव असावा, याला कोण विरोध करील? ज्ञानदेवांचा एक ग्रंथच जिथे ‘अनुभवामृत’ या नावाने ओळखला जातो, त्या भाषेच्या अध्यापकाने तरी तो करू नये. आक्षेप आहे तो या रकान्यात काय चालते आणि काय चालत नाही, याविषयी.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी महाविद्यालयीन उमेदवारांच्या चाळणीसाठी शंभर गुणांचा तक्ता दिला. त्यात सेटला पाच गुण. अध्यापनाच्या अनुभवाला दरवर्षी दोन, असे कमाल दहा. राज्यपातळीवरील पात्रता परीक्षेपेक्षा तीन वर्षांची हजेरी जड! (तक्ता करणाऱ्यांना परीक्षेवर विश्वास नसेल, तर परीक्षा घ्यावी कशाला?) याच विनियमांत पूर्वसेवा धरण्याविषयी अशीही अट आहे की, तात्पुरत्या सेवेतील एकूण मोबदला नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनाहून कमी नसावा. आता तासिका तत्त्वावरच्या अध्यापकाचे पाहा. घेतलेल्या तासांचेच पैसे. सुटीचे काही नाही. तोच अभ्यासक्रम, तेच विद्यार्थी, त्याच उत्तरपत्रिका. ही अट तो पुरी करणार कशी? राबवून घेणाऱ्याने कमी दिले, म्हणून राबणाऱ्याचे काम हलके ठरते. शोषणाचा पुरावा शोषिताच्याच विरुद्ध वापरण्याची ही रीत कोणत्याही कादंबरीत आढळली असती, तर आपल्या समीक्षकांनी तिच्यावर परिसंवाद भरवला असता.

आणि ज्याला तासिकाही मिळाल्या नाहीत, त्याने काहीच केलेले नसते काय? दिवाळी अंकांची मुद्रिते तपासणे, एकांकिकेची संहिता दहा वेळा बांधणे, गावच्या वाचनालयाची सूची करणे, मित्रांच्या वर्गणीतून अनियतकालिक काढणे, ही कामे भाषेशी रोजची झटापट करायला लावतात. साठच्या दशकातील अनियतकालिकांच्या चळवळीवर आपण परीक्षेत टिपा लिहायला लावतो. तेच काम आज करणाऱ्या उमेदवाराला मात्र ‘प्रत्यक्ष अनुभव किती?’ असे विचारतो. त्याच्यापाशी लेटरहेडवरचा, शिक्क्यानिशी दिलेला कागद नसतो, एवढाच त्याचा उणेपणा.

अनुभवी माणूस अधिक चांगले शिकवतो, असा एक युक्तिवाद केला जातो. पुष्कळदा ते खरेही असते. मग ते शिकवणेच पाहावे. उमेदवाराला अर्धा तास वर्गावर सोडावे, एक अनोळखी कविता हाती द्यावी, मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याने शंका विचारल्यावर तो काय करतो ते पाहावे. वर्गातील व्याख्यानातून अध्यापनक्षमता जोखण्याची मुभा याच विनियमांनी दिलेली आहे. निवड समित्यांवर बसणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी तिचा आग्रह धरला?