धूर जात विचारत नाही, पण गादी कोणाच्या वाट्याला कोणती?

९ जानेवारी २०२१. भंडारा जिल्हा रुग्णालयात दहा बाळं गेली. तीन होरपळून, सात धुराने गुदमरून. तरी आपण आगीला भितो, धुराला नाही.

झरी जामणीसारख्या तालुक्यात वसतिगृहाच्या खाटेवर फोमची गादी आली की आपण सुधारणा म्हणतो. पण पॉलियुरेथेन फोम खनिज तेलापासून बनतो, आत हवा भरलेली. कापूस धुमसतो, फोम भडकतो, वितळतो, पेटते थेंब खाली पडतात. काही मिनिटांत खोली काळ्या धुराने भरते. त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड. झोपेतले मूल झोपेतच बेशुद्ध होते.

१९७९ मध्ये मँचेस्टरच्या वूलवर्थ्स दुकानात फोमचे फर्निचर पेटले, दहा जण मेले. ब्रिटनने १९८८ मध्ये नियम कडक केले. म्हणजे उपाय ठाऊक आहे. प्रश्न आहे, कोणाच्या जिवाला किंमत आहे?

म्हणून आम्ही म्हणतो, गाद्या नाकारू नका, हिशेब मागा. गादी सहज पेट न घेणारी आहे का? दुसरे दार आहे का? रात्री त्याला कुलूप असते का? फायर ऑडिट कधी झाले? माहिती अधिकाराचा अर्ज टाका. कलम २१ वसतिगृहाच्या उंबरठ्यावर थांबत नाही.

जय भीम!